अंगठा, दस्तुर आणि परवलीचा शब्द : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात खातेनोंदणीच्या प्रपत्राचा इतिहास

प्रस्तावना :

'नवीन खाते उघडा' या शब्दांखाली संगणकाच्या पडद्यावर उमटणारे प्रपत्र हे आज शासकीय व शैक्षणिक व्यवहाराचे प्रवेशद्वार बनले आहे. नाव, वापरकर्त्याचे नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, पासवर्ड आणि तोच पासवर्ड पुन्हा एकदा, असे चार-पाच रकाने त्यात असतात. रकाना चुकीचा भरला गेल्यास त्याखाली लाल अक्षरांत सूचना येते आणि चूक दुरुस्त होईपर्यंत प्रपत्र पुढे सरकत नाही. या तपासणीस संगणकशास्त्रात वैधता तपासणी असे म्हणतात. संगणकाच्या विद्यार्थ्याला पहिल्या एक-दोन वर्षांतच असे प्रपत्र तयार करावयास शिकविले जाते. त्यामुळे ही एक किरकोळ तांत्रिक बाब होय, असा समज रूढ झालेला आहे. परंतु 'समोरची व्यक्ती तीच आहे हे कशावरून?' हा प्रश्न संगणकाहून फार जुना असून त्याला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिलेले आहे. या उत्तरांचा इतिहास पाहण्यासाठी नंदुरबार जिल्ह्याइतके योग्य क्षेत्र क्वचितच सापडेल. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ असून त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण ६४.३८ टक्के आहे. त्याच वेळी राज्याचे प्रमाण ८२.३४ टक्के होते. देशातील पहिला आधार क्रमांक याच जिल्ह्यात दिला गेला, हे सर्वश्रुत आहे.

प्रस्तुत लेखात एका विशिष्ट बाबीकडे लक्ष वेधावयाचे आहे. जुन्या दस्तऐवजांत निरक्षर माणसाच्या निशाणीबरोबर ती निशाणी लिहून देणाऱ्याचे नावही नोंदले जात असे. पासवर्ड मागणाऱ्या प्रपत्राने ही नोंद पुसून टाकली. मदत करणारा हात मात्र नाहीसा झाला नाही. त्याची नोंद तेवढी नाहीशी झाली.

निशाणी, अंगठा आणि वही :

मराठी दस्तऐवजांच्या अभ्यासकांना 'निशाणी नांगर' हे शब्द परिचित आहेत. लिहिता न येणारा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची आकृती काढीत असे अथवा त्याच्या वतीने ती काढली जात असे. स्वतःच्या हाताने लिहिणारा 'दस्तुरखुद्द' असे लिही. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या निशाणीशेजारी 'दस्तुर अमुक' अशी नोंद होई. म्हणजे हे अक्षर अमक्याच्या हातचे आहे, अशी कबुली दस्तऐवजातच असे. पुढे नांगराची जागा डाव्या हाताच्या अंगठ्याने घेतली, तरी दस्तुराची पद्धत टिकून राहिली. या पद्धतीचे महत्त्व असे की, उद्या वाद उत्पन्न झाल्यास कोणाला विचारावयाचे, हे कागदच सांगत असे.

अंगठ्याचा आधुनिक इतिहासही भारतातच सुरू होतो. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. ओळख पटविणे हा त्या वेळी त्याचा उद्देश नव्हता. करार नाकारण्याची हिंमत होऊ नये, एवढाच हेतू होता. १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने निवृत्तिवेतन आणि दस्तनोंदणी यांसाठी बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले आणि अझिजुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमांतून घडलेली वर्गीकरणपद्धती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. (येथेही अक्षर एकाचे आणि सही दुसऱ्याची, हे लक्षात घेण्यासारखे आहे.)

अंगठ्याने फसवणूक थांबली नाही. अंगठा देणाऱ्याला वहीत काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते आणि वही सावकाराच्या घरी राहत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे व वह्या ताब्यात घेऊन जाळल्या, त्याचे कारण हेच होय. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, अशी तरतूद केली. ही एका अर्थाने वैधता तपासणीच होती. फरक इतकाच की, ती तिऱ्हाईत माणसाने, उघड जागी आणि रोखा वाचून दाखवून करावयाची होती.

खानदेशच्या पश्चिम भागात, म्हणजे आजच्या शहादा, तळोदा, नंदुरबार या तालुक्यांत, भिल्ल व इतर आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी कर्जापोटी परक्या हातांत गेल्या आणि मूळ मालक तेथेच सालदार म्हणून राबू लागले. अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या माध्यमातून शहादा परिसरात उभ्या राहिलेल्या चळवळीच्या मुळाशी हा जमिनीचा प्रश्न होता. अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना जमिनी परत करण्यासंबंधीचा १९७४ चा महाराष्ट्र अधिनियम १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरणे तपासावयास लावतो. कायद्याने ठरवून दिलेल्या कालखंडातील व्यवहार सरसकट पुन्हा उघडावे लागावेत, यावरून कागदावरील अंगठा 'वैध' असणे आणि व्यवहार न्याय्य असणे या दोन बाबी किती दूर असू शकतात, याची कल्पना येते. खातेनोंदणीच्या प्रपत्राचा विचार करताना हा भेद डोळ्यांआड करता येत नाही.

परवलीचा शब्द यंत्रात येतो :

परवलीचा शब्द ही मुळात लष्करी कल्पना. पहारेकऱ्याने हटकले असता जो शब्द उच्चारल्यावर वाट मिळते तो परवलीचा शब्द. तो सर्व पलटणीचा एकच असे आणि रोज बदले. यंत्रात आल्यावर तो एकट्याचा झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांदो कॉर्बातो यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१ मध्ये एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली प्रथम चालवून दाखविण्यात आली. प्रत्येकाच्या धारिका वेगळ्या राहाव्यात आणि वाटून दिलेला वेळ मोजला जावा, म्हणून या प्रणालीत पासवर्ड वापरात आला. म्हणजे ज्यांच्यासाठी पासवर्ड घडला ते लोक मोजके, उच्चशिक्षित, इंग्रजी टंकलेखन जाणणारे आणि एकमेकांना ओळखणारे होते. हा आरंभ विसरला गेला. परंतु प्रपत्रात त्याची गृहीतके आजही जिवंत आहेत.

त्या प्रणालीतील पासवर्ड साध्या यादीच्या रूपात एका धारिकेत ठेवलेले होते. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून ती धारिका छापून घेतली आणि इतरांच्या नावाने यंत्र वापरले. त्याच दशकात एकदा दोन धारिकांची अदलाबदल होऊन यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला दैनंदिन सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादीच दिसली. सावकाराच्या वहीशी याचे साम्य उघड आहे. गुपित ज्याचे, त्याच्या हाती ते नव्हतेच. ते दुसऱ्याच्या वहीत वाचता येण्याजोगे पडून होते.

यावरील उपाय बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी युनिक्स प्रणालीत रूढ केला आणि १९७९ मध्ये एका निबंधात त्याचा वृत्तान्त दिला. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता गणिती प्रक्रियेने त्याचे असे रूपांतर करावयाचे की, त्यावरून मूळ शब्द मागे काढता येऊ नये. तपासणीच्या वेळी दिलेल्या शब्दाचे पुन्हा तेच रूपांतर करून दोन्ही ताडून पाहावयाचे. शिवाय प्रत्येक शब्दात रूपांतरापूर्वी थोडी यादृच्छिक भर घालावयाची, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी वहीतील नोंदी भिन्न दिसतात. या भरीला 'मीठ' असेच म्हणतात. याच निबंधात त्यांनी लोकांनी प्रत्यक्ष निवडलेल्या ३,२८९ पासवर्डांची पाहणी दिली आहे. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, अगदी आखूड, केवळ लहान अक्षरांचे किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडणारे निघाले. वही सुरक्षित झाली, पण माणसाची निवड कच्ची राहिली. येथून पुढे निवडीवर नियम लादण्याचा विचार बळावला. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० या प्रमाणात प्रपत्राचे रकाने आले व त्यांत पासवर्डसाठी स्वतंत्र प्रकारचा रकाना आला, तेव्हा हे नियम महाजालावरील प्रत्येक प्रपत्रात शिरण्याची वाट मोकळी झाली.

नियमांचा उगम व त्यांचा फेरविचार :

एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक, एक विशेष चिन्ह आणि ठरावीक काळाने बदल, हा साचा आता इतका सार्वत्रिक आहे की तो निसर्गनियम वाटावा. त्याला अधिकृत वजन मिळाले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या २००४ मधील मार्गदर्शिकेच्या परिशिष्टामुळे. त्याचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ला दिलेल्या मुलाखतीत आपण सुचविलेल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने मार्गदर्शिका नव्याने लिहिली. अक्षरांच्या मिश्रणाची सक्ती करू नये, विनाकारण पासवर्ड बदलावयास लावू नये, किमान आठ अक्षरे मागावीत व निदान चौसष्ट अक्षरांपर्यंत मुभा द्यावी, सर्वज्ञात झालेले पासवर्ड नाकारावेत आणि युनिकोडमधील चिन्हे स्वीकारावीत, असे तीत सांगितले आहे. २०२५ च्या आवृत्तीत मिश्रणाच्या सक्तीला स्पष्ट मनाई झाली.

मिश्रणाचा नियम निरुपयोगी का ठरला, हे समजण्यासाठी फार लांब जाण्याची आवश्यकता नाही. स्वतःच्या इंग्रजी नावाचे पहिले अक्षर मोठे, बाकीची लहान, त्यापुढे ई-मेलमधील 'ॲट'चे चिन्ह आणि शेवटी एक-दोन-तीन, हा पासवर्ड प्रत्येक नियम पाळतो, प्रपत्र त्याला हिरवी खूण देते आणि वर्गातील कोणताही विद्यार्थी शेजाऱ्याचा पासवर्ड दोन प्रयत्नांत ओळखू शकतो. तपासणी शब्दाच्या घडणीची होते. तो शब्द गुप्त आहे किंवा नाही, याची नव्हे.

टेंभली, २९ सप्टेंबर २०१० :

शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत आधार क्रमांकांच्या वाटपास प्रारंभ झाला. रंजना सोनवणे या देशातील पहिल्या आधारधारक ठरल्या. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना त्याआधी जानेवारी २००९ मध्ये झाली होती व नंदन निलेकणी हे त्याचे अध्यक्ष होते. या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील राजकीय बाजू येथे अभिप्रेत नाही. प्रपत्र म्हणून आधारची नोंदणी कशी होती, एवढेच पाहावयाचे आहे.

एन. विठ्ठल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ च्या अखेरीस माहितीचे रकाने कोणते असावेत याविषयी अहवाल दिला. नाव, जन्मतारीख अथवा वय, लिंग आणि पत्ता एवढीच माहिती आवश्यक ठेवण्यात आली. भ्रमणध्वनी क्रमांक व ई-मेल ऐच्छिक होते. अर्जदाराला काहीही पाठ करावयाचे नव्हते. दहा बोटे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळे व चेहरा हीच खूण. पासवर्ड मागणाऱ्या प्रपत्राच्या अगदी उलट अशी ही रचना होती. ज्यांच्याजवळ एकही कागद नाही, त्यांच्यासाठी 'परिचयकर्ता' ही तरतूद होती. त्याने स्वतःच्या आधाराने समोरच्या व्यक्तीची ओळख द्यावयाची. आणि प्रत्येक नोंदणीच्या शेवटी नोंदणी करणाऱ्या संगणकचालकाने स्वतःचे बोट टेकवून ती नोंद आपल्या हातची असल्याचे मान्य करावयाचे. हा जुना दस्तुरच होय. अर्ज भरणारा हात वेगळा आहे हे या व्यवस्थेने लपविले नाही. तो हात कोणाचा हे लिहून ठेवले. आधारवर झालेल्या उलटसुलट चर्चेत या बारकाव्याला मिळावयास हवे होते तेवढे स्थान मिळाले नाही.

वैधता तपासणीचे एक सुंदर उदाहरण आधार क्रमांकाच्या पोटातही आहे. बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला तपासणी अंक असतो. ही पद्धती याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाने १९६९ मध्ये मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारशेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ती चूक या पद्धतीने हमखास पकडली जाते. क्रमांक टंकलिखित करताना होणाऱ्या नेहमीच्या चुका याच दोन प्रकारच्या असतात. येथे तपासणी चुकणाऱ्याच्या बाजूने उभी राहते. त्याच्याकडून काही वाढीव मागत नाही. चांगली वैधता तपासणी कशी असावी, याचा हा नमुना म्हणता येईल.

बोटे मात्र सर्वांचीच सारखी राहत नाहीत. शेतमजुरी, वीटभट्टी, ऊसतोड यांत बोटांवरील रेषा झिजतात. त्यामुळे ठसा जुळला नाही की पर्याय म्हणून एकदाच वापरावयाचा क्रमांक, म्हणजे ओटीपी, भ्रमणध्वनीवर मागविला जाऊ लागला आणि महाजालावरील सेवांत तर तोच मुख्य मार्ग बनला. २०१० मध्ये जो रकाना ऐच्छिक होता, तोच पुढील दशकात व्यवहाराची किल्ली ठरला. सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांत एका घरात एकच भ्रमणध्वनी संच असणे, हंगामी स्थलांतराच्या काळात तो दुसऱ्याबरोबर गुजरातेत जाणे आणि शुल्क न भरल्याने जुना क्रमांक बंद पडून नवा घेतला जाणे या नेहमीच्या बाबी आहेत. शरीराला किल्ली मानून सुरू झालेली योजना अशा रीतीने पुन्हा एका हातातून दुसऱ्या हातात फिरणाऱ्या वस्तूवर येऊन थांबली.

शिष्यवृत्तीचे खाते :

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने या सर्व इतिहासाची प्रत्यक्ष भेट होते ती महाडीबीटी संकेतस्थळावर. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसह राज्यातील शिष्यवृत्तींचे अर्ज २०१७-१८ पासून या संकेतस्थळावर आले. अर्जदाराने प्रथम वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड ठरवून खाते उघडावयाचे, भ्रमणध्वनी व ई-मेल यांची पडताळणी करावयाची आणि पुढील वर्षी नूतनीकरणासाठी त्याच खात्यात पुन्हा जावयाचे. पासवर्डात मोठे व लहान इंग्रजी अक्षर, अंक आणि विशेष चिन्ह हवे, हा जुना साचा येथेही आहे.

आश्रमशाळेतून बारावी होऊन नंदुरबार, शहादा, तळोदा किंवा नवापूर येथील महाविद्यालयात आलेला विद्यार्थी घरी भिली, पावरी, मावची किंवा कोकणी बोलतो, शाळेत मराठी शिकतो आणि पासवर्ड त्याला रोमन लिपीत ठरवावा लागतो. तो प्रथम नेट कॅफेत अथवा सेतू केंद्रात जातो. प्रपत्र केंद्रचालक भरतो, पासवर्डही तोच सुचवितो आणि तो एका वहीत विद्यार्थ्याच्या नावापुढे लिहून ठेवतो. पुढील वर्षी विद्यार्थी त्याच केंद्रात जातो, कारण वही तेथे आहे. या केंद्रचालकांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुतेक जण अल्प मोबदल्यात वेळेवर काम करून देतात आणि त्यांच्या वहीमुळेच कित्येकांची शिष्यवृत्ती वाचते. प्रश्न वहीच्या मालकाच्या सचोटीचा नसून व्यवस्थेच्या आंधळेपणाचा आहे. संकेतस्थळाच्या लेखी हा अर्ज दस्तुरखुद्द आहे. पासवर्ड दिला गेला, तो जुळला, अर्थात अर्जदार स्वतःच आला, असे यंत्र मानते. जुन्या दस्तऐवजाने जी गोष्ट उघड ठेवली होती, ती येथे दडून राहते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या सुधारणेने आलेले कलम ६६क दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. परंतु संमतीने सांगितलेला पासवर्ड कोणी, केव्हा, कशासाठी वापरला याची नोंदच नसेल, तर अप्रामाणिकपणा सिद्ध कशाच्या आधारे करावयाचा?

प्रपत्रातील एक बारीक तपशील या संदर्भात बोलका आहे. पासवर्डच्या रकान्यात अक्षरांऐवजी ठिपके उमटतात, ते मागे उभ्या असलेल्या माणसाने पाहू नये म्हणून. केंद्रात मात्र खुर्चीवर केंद्रचालक बसलेला असतो आणि मागे विद्यार्थी उभा असतो. तेथे ते ठिपके गुपित लपवितात ते ज्याचे गुपित आहे त्याच्यापासून. तोच शब्द पुन्हा टंकलिखित करण्याचा दुसरा रकानाही चालकाचीच बोटे तपासून पाहतो.

या भागातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, हे येथे सहज आठवते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी चिरंजीव सोपानदेव व एका मावसभावाने उतरवून घेतली आणि म्हणूनच १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने येऊ शकली. अक्षर दुसऱ्याचे असले तरी गाणी बहिणाबाईंचीच राहिली, कारण अक्षर कोणाचे हे कोणी लपविले नाही.

देवनागरी अक्षर आणि तपासणीचा नियम :

विद्यार्थ्याने स्वतःच्या लिपीत, स्वतःला आठवेल असा शब्द का निवडू नये? देवनागरी लिपी १९९१ मधील युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात आहे, त्यामुळे तत्त्वतः अडचण नाही. प्रत्यक्षात पहिली अडचण नियमाच्या शब्दांतच दिसते. देवनागरीत मोठे अक्षर व लहान अक्षर असा भेदच नाही. 'निदान एक मोठे अक्षर हवे' हा नियम कोणताही देवनागरी पासवर्ड, तो कितीही लांब व अनपेक्षित असो, कधीही पूर्ण करू शकत नाही. अनेक भ्रमणध्वनी संचांवर पासवर्डच्या रकान्यात बोट ठेवताच मराठी कळफलक जाऊन इंग्रजी कळफलक येतो, म्हणजे नियमापर्यंत पोहोचण्यापूर्वीच वाट बंद होते.

दुसरी अडचण मोजणीची. 'नंदुरबार' या शब्दात वाचणाऱ्याच्या दृष्टीने पाच अक्षरे आहेत. युनिकोडच्या हिशेबाने अनुस्वार, उकार व काना धरून आठ चिन्हे. 'टेंभली' मध्ये अक्षरे तीन, चिन्हे सहा. युनिकोडमध्ये मूळ अक्षरे एका वर्गात व मात्रा, वेलांट्या, अनुस्वार दुसऱ्या वर्गात आहेत. 'नावात केवळ अक्षरेच असावीत' असा नियम लिहिताना प्रपत्रकाराने पहिलाच वर्ग ग्राह्य धरला, तर 'टेंभली' मधील ट, भ, ल स्वीकारले जातात आणि उरलेली तीन चिन्हे चूक ठरतात. साठवणुकीचीही एक मर्यादा आहे. पासवर्डचे रूपांतर करण्यासाठी १९९९ पासून वापरात असलेली बीक्रिप्ट ही पद्धती केवळ पहिले ७२ बाइट विचारात घेते. रोमन लिपीत ही ७२ अक्षरे होतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने येथे चोवीसच चिन्हे बसतात, म्हणजे 'नंदुरबार' हा शब्द तीन वेळा. त्यापुढे लिहिलेले काहीही तपासले जात नाही आणि लिहिणाऱ्याला ते कळतही नाही.

'सातपुड्याच्या दऱ्या' असे कोणी लिहिले, तर तिसरा पेच उभा राहतो. त्यातील 'ऱ्या' पडद्यावर एकसारखा दिसला तरी निरनिराळ्या कळफलकांवर तो वेगळ्या चिन्हक्रमाने तयार होऊ शकतो. डोळ्याला एक, यंत्राला दोन. रूपांतरणात एका चिन्हाचाही फरक सर्व निकाल बदलून टाकतो. परिणामी महाविद्यालयाच्या संगणकावर ठरविलेला पासवर्ड घरच्या भ्रमणध्वनीवर 'चुकीचा' ठरू शकतो. रूपांतरापूर्वी सर्व चिन्हक्रम एकाच प्रमाणरूपात आणणे, लांबी चिन्हांत नव्हे तर बाइटांत तपासून वापरकर्त्याला स्पष्ट सांगणे आणि मोठ्या-लहान अक्षराची अट काढून टाकणे ही कामे प्रपत्र तयार करणाऱ्याच्या दृष्टीने काही तासांची आहेत. चार-पाच मराठी शब्दांचे, कोणत्याही गाण्यात वा म्हणीत नसलेले एखादे वाक्य पाठ ठेवणे विद्यार्थ्याला जड नाही. आश्रमशाळेतील मुले त्याहून किती तरी अधिक पाठ करतात.

दस्तुराचा रकाना मात्र तंत्राने आपोआप येणार नाही, तो ठरवून ठेवावा लागतो. तसे एकदा घडलेही आहे. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' या ॲपवर भरले गेले, तेव्हा खाते वापरणारी व्यक्ती सामान्य महिला आहे, अंगणवाडी सेविका आहे की अन्य कोणी, हे विचारणारा रकाना त्यात होता. अंगणवाडी सेविका व इतर मदतनीसांना पात्र अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता ठरविला होता आणि तो देण्यासाठी का होईना, अर्ज कोणाच्या हातून भरला गेला हे शासनाला ठाऊक असणे भाग होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली. त्या प्रपत्रात महिलेचा आधार क्रमांक व त्यावर येणारा ओटीपी आणि त्याखाली पती किंवा वडील यांचा आधार क्रमांक व त्यांचा ओटीपी मागितला गेला. अर्ज भरून देणाऱ्याचा रकाना नव्हता.